परिसरातील सार्वजनिक वाचनालयाला रहिवाशांनी नेमकी कोणती मदत करावी?

प्रश्न : गिरणगावचा रहिवासी

नमस्कार. लालबाग-परळ पट्ट्यात आमच्या घराजवळ एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचे सार्वजनिक वाचनालय आहे. ते शासनमान्य असून शासनाच्या अ ते ड वर्गवारीत ‘ब’ वर्गातले आहे. गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालत होत्या त्या काळात आमच्या आजोबांच्या पिढीने घरोघरी वर्गणी काढून ते सुरू केले. शाळेत असताना मी तिथे रोज संध्याकाळी जात असे. पुढे नोकरी लागली आणि माझे सभासदत्व कधी बंद पडले ते माझ्याही लक्षात आले नाही.

गेल्या महिन्यात वडिलांच्या पश्चात घर आवरताना पुस्तकांची सहा खोकी भरली आणि ती टॅक्सीत घालून वाचनालयात नेली. ग्रंथपाल बाईंनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, प्रत्येक खोके उघडून पाहिले आणि ११ पुस्तके बाजूला काढून बाकीची परत न्यावीत, असे अतिशय सौम्य शब्दांत सांगितले. खरे सांगायचे तर मला ते लागले.

परंतु तासभर तिथे बसल्यावर इतरही काही दिसले. संध्याकाळी पाच ते सात या वेळात देवघेवीच्या टेबलाशी चारच माणसे आली. बालविभागाच्या कपाटाचे दार सुतळीने बांधलेले होते. वर्गणीदारांची संख्या एके काळी ७०० च्या वर होती, ती आता १९० वर आली आहे. आतल्या खोलीत मात्र स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले दाटीवाटीने बसलेली होती.

आम्ही आठ-दहा जण काही तरी करण्याच्या विचारात आहोत. पुस्तके द्यायची नाहीत, तर मग काय द्यायचे? पैसे द्यावेत, वेळ द्यावा, की नगरसेवकाकडे अर्ज करावा? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, दादर

आपल्याला राग आला हे स्वाभाविक आहे. ३४ वर्षांच्या नोकरीत असे रागावलेले दाते मी पुष्कळ पाहिले आहेत. तरीही त्या बाईंनी योग्य तेच केले असे मला वाटते. भेट आलेले पुस्तक फुकट असले, तरी ते कपाटात जाऊन उभे राहीपर्यंत त्यावर बराच खर्च होतो. त्याची दाखल नोंदवहीत नोंद करावी लागते, दाखल क्रमांक आणि वर्गांक द्यावा लागतो, शिक्के मारावे लागतात, तारीख चिठ्ठी चिकटवावी लागते आणि कण्यावर लेबल लावावे लागते. हे सगळे करणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि तोच देवघेव सांभाळतो, तोच केरही काढतो. शिवाय एकदा दाखल झालेले पुस्तक सहजासहजी रद्दीत घालता येत नाही. त्यासाठी निर्लेखनाची रीतसर कार्यवाही असते, याद्या कराव्या लागतात, कार्यकारिणीचा ठराव लागतो. मुंबईत दोन खोल्यांच्या वाचनालयात एक कपाट वाढवायचे म्हणजे अभ्यासिकेतल्या दोन मुलांची बसायची जागा घालवायची, हा हिशेब ग्रंथपालाच्या डोक्यात सतत चालू असतो.

खोक्यांतून काय येते हेही मला पाठ आहे. आधीच तीन-तीन प्रती असलेल्या कादंबऱ्या, अभ्यासक्रम बदलून गेलेली पाठ्यपुस्तके, खंड अपुरा असलेला ज्ञानकोश आणि इंग्रजी मासिकांचे गठ्ठे. यापुढे पुस्तके द्यायची झाल्यास आधी शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष एवढी यादी पाठवावी व ग्रंथपालाला निवड करू द्यावी. त्याहून चांगले म्हणजे वाचकांनी मागणी केलेल्या पुस्तकांची वही बहुतेक वाचनालयांत टेबलावर असते; त्या वहीतली चार नवी पुस्तके विकत घेऊन द्यावीत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. पहिली मदत अशी, की आपण आठ-दहा जणांनी उद्याच्या उद्या वर्गणीदार व्हावे. हे उत्तर फार साधे वाटेल, परंतु त्यामागे व्यवस्थेचा एक भाग आहे. आपल्याकडे ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हटले की लोकांना ते सरकारी किंवा महापालिकेचे कार्यालय वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून राज्यातली ११ ते १२ हजार शासनमान्य ग्रंथालये त्याखाली येतात. त्यांतली बहुतेक सगळी तुमच्या-आमच्यासारख्यांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात आणि शासन त्यांना परिरक्षण अनुदान, म्हणजे चालू खर्चासाठीचे साहाय्य, देते. तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळ या राज्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर घेतला जातो, तसा आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे मालमत्ता कर भरला म्हणजे आपल्या वाचनालयाला आपला हातभार लागला, असे इथे होत नाही.

अनुदानाची रक्कम अ, ब, क, ड या वर्गावर अवलंबून असते. वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्येबरोबरच वर्गणीदार किती, वृत्तपत्रे व नियतकालिके किती येतात, वाचनालय किती तास उघडे असते, हेही पाहिले जाते. वर्गणीदार घटले की तपासणीच्या वेळी ग्रंथपालाच्या पोटात गोळा येतो, तो यामुळेच. आपली महिन्याची वर्गणी एका वडापावाच्या आणि दोन कटिंग चहांच्या खर्चात बसत असेल. तिची खरी किंमत मात्र वर्गणीदारांच्या नोंदवहीत आहे.

आणि सभासद झाल्यावर पुस्तके न्यावीत. वर्गणी भरून वर्षभर न फिरकणारे सभासद कागदावर उपयोगी पडतात, पण वाचनालय जिवंत दिसायला देवघेवीच्या टेबलाशी माणसे उभी असावी लागतात.

उत्तर २ : हिशेबनीस, मुलुंड

मी एका वाचनालयाचा अनेक वर्षे कोषाध्यक्ष आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूने लिहितो.

शासन मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्या वर्गासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान देते. उरलेला वाटा संस्थेने स्वतः उभा करायचा असतो. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात वीजबिल, वृत्तपत्रवाल्याचे बिल आणि पगार थांबत नाहीत, आणि पगार म्हणजे तरी काय, ज्या मानधनावर आमची लिपिक मुलगी काम करते तेवढ्यात या शहरात कोणी घरकामालाही येणार नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो, की वाढदिवसाला एकदाच मोठी देणगी देऊन फोटो काढण्यापेक्षा दहा कुटुंबांनी दरमहा ठरलेल्या तारखेला ३०० रुपये संस्थेच्या खात्यात जमा होतील अशी बँकेला सूचना देऊन ठेवावी. ते महिन्याचे ३,००० रुपये कोणत्या बिलासाठी आहेत हेही ठरवून द्यावे. आमच्याकडे अशा देणग्यांतून केवळ वृत्तपत्रे व नियतकालिकांचा खर्च भागतो आणि मुक्तद्वार वाचन कक्ष त्यावर चालतो. सकाळी तिथे येणारे ज्येष्ठ नागरिक वर्गणीदार नसतात, त्यांच्याकडून काही घेतलेही जात नाही.

करसवलतीबद्दल नेहमी गैरसमज होतो. संस्थेकडे आयकराचे ८०-जी प्रमाणपत्र असेल तरच देणगीवर वजावट मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिल्यास ती मिळत नाही. पुस्तके, पंखे, खुर्च्या अशा वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही. आणि जे नव्या करप्रणालीनुसार कर भरतात त्यांना ती मुळातच नाही. देणगी द्यायच्या आधी हे विचारून घ्यावे, नंतर कोषाध्यक्षाशी वाद घालू नये. (हे वाक्य अनुभवातून आले आहे.)

आपल्या गटात कोणी मोठ्या कंपनीत नोकरीला असेल तर त्याचा एक वेगळा उपयोग आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांमध्ये सार्वजनिक ग्रंथालये उभारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठीची) लागते, आणि तिच्या आधी आयकराच्या १२-ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करसूट) व ८०-जी या नोंदण्या अद्ययावत लागतात. बहुतेक लहान वाचनालयांचे घोडे इथेच पेंड खाते. चार संध्याकाळी बसून ही कागदपत्रे पूर्ण करून देणारा एखादा सनदी लेखापाल आपल्या ओळखीचा असेल, तर त्याने दिलेला वेळ लाखभर रुपयांच्या देणगीइतका मोलाचा ठरेल. केंद्र शासनाच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी (राज्य शासनाच्या वाट्यासह) आणि असमान निधी (त्या वाट्याशिवाय) अशा योजना आहेत, त्यांतून ग्रंथ, फर्निचर, संगणक, इमारत यांसाठी साहाय्य मिळते; त्यांचेही प्रस्ताव वेळेत आणि नमुन्यात जावे लागतात. प्रस्ताव लिहून देणारा माणूस मिळत नाही, म्हणून ती संधी दरवर्षी निघून जाते.

उत्तर ३ : आतल्या खोलीतला

मूळ प्रश्नात अभ्यासिकेचा उल्लेख आहे म्हणून लिहितो, कारण मी अशाच एका खोलीत तीन वर्षे बसलो आहे. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे असताना शांतपणे बसता येईल अशी अभ्यासिका हीच आमच्यासाठी वाचनालयाची मुख्य सेवा असते, हे पुस्तकप्रेमी मंडळींनी समजून घ्यावे. आम्ही कादंबरी नेत नाही म्हणून वाचनालय ओस पडले, असे म्हणणे मला पटत नाही. आपल्याला मदत करायची असेल तर रात्री आठ ते दहा या वेळात आळीपाळीने थांबून कुलूप लावायची जबाबदारी घ्या. कर्मचारी आठला जातात म्हणून खोली बंद होते, आणि त्या दोन तासांसाठी आम्ही रेल्वेच्या फलाटावरही बसलेलो आहोत.

संगणकावर यादी तयार करणे हे कामही अभ्यासिकेतली मुले करू शकतात. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या प्रणाली उपलब्ध आहेत. रोज एक तास दिला तरी वर्षभरात सगळा संग्रह संगणकावर येईल.

उत्तर ४ : निवृत्त ग्रंथपाल, दादर

अभ्यासिकेबद्दलचे म्हणणे मान्य आहे आणि कुलपाची कल्पना उत्तम आहे. मात्र किल्ली कोणाकडे आणि जबाबदारी कोणाची हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्यावे.

संगणकाच्या बाबतीत थोडा हात आखडता घ्यावा असे सुचवतो. आमच्याकडे एका महाविद्यालयातील उत्साही मुलांनी मे महिन्याच्या सुटीत ४,००० पुस्तकांच्या नोंदी टंकित करून दिल्या. एकाच लेखकाचे आडनाव कोणी आधी लिहिले, कोणी शेवटी, कोणी नुसती आद्याक्षरे दिली; ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका. शोधताना एकाच लेखकाची पुस्तके पाच ठिकाणी निघत. अनुवादित पुस्तकांत मूळ लेखक आणि अनुवादक यांची अदलाबदल झाली होती, आणि दाखल क्रमांक न टाकल्यामुळे यादीतले पुस्तक कपाटातले नेमके कोणते हे कळेना. त्या नोंदी दुरुस्त करायला मला दोन वर्षे लागली. दोष मुलांचा नव्हता. नोंद कशी करायची याचा एक पानी नमुना मी त्यांना आधी द्यायला हवा होता. म्हणून पहिल्या ५० नोंदी ग्रंथपालाने तपासाव्यात आणि मगच पुढे जावे.

हातांनी करायचे, कमी मानाचे पण फार गरजेचे एक काम सांगतो. ते म्हणजे पावसाळ्याआधीची कपाटांची पाहणी. मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर या काळात पुस्तकाला पाण्याइतकाच दमटपणाचाही धोका असतो. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेले कपाट चार बोटे पुढे ओढावे म्हणजे मागे हवा खेळते. सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर असावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सखल भागांतल्या अनेक तळमजल्यांवर खालच्या खणांतले सगळे गेले. पुस्तके खणात इतकी कोंबू नयेत की काढताना कणा ओढावा लागेल. फाटलेल्या पानाला घरी असते ती पारदर्शक चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊनच सुटते.

वाळवी मात्र वरवर पाहून कळत नाही. खणातली पुस्तके सरळ उभी, कव्हरे चांगली, आणि एक पुस्तक हातात घेतले तर ते अगदीच हलके लागते. उघडून पाहावे तर शिवणीपासून आत मातीचा बोटभर बोगदा गेलेला, आणि पानांच्या फक्त कडा शिल्लक. म्हणून महिन्यातून एकदा दोघांनी बसून एक-एक खण रिकामा करणे, प्रत्येक पुस्तक उघडून कोरड्या फडक्याने पुसणे आणि खिळखिळी झालेली पुस्तके बांधणीसाठी वेगळी काढणे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. बाइंडरकडे पाठवताना जुजबंदी शिलाई (पानांचे जुडगे दोऱ्याने शिवून) सांगावी, नुसते चिकटवून घेऊ नये. जुने कारागीर खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, ते किडीसाठीच.

दुर्मीळ पुस्तके सापडली तर ती भ्रमणध्वनीवर स्कॅन करून समूहांत फिरवण्याचा मोह आवरावा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. तो संपलेला आहे का हे आधी पाहावे.

उत्तर ५ : पागडीतला भाडेकरू, गिरगाव

वरची सर्व उत्तरे चांगली आहेत, पण ज्या गोष्टीमुळे मुंबईतली वाचनालये कायमची बंद पडू शकतात तिचा उल्लेख कोणीच केलेला नाही. आपले वाचनालय जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे. ती चाळ आज ना उद्या पुनर्विकासात जाणार. त्या दिवशी वाचनालयाला जागा मिळेल की नाही हे त्याच्या कपाटांतल्या पुस्तकांवर ठरणार नाही, तर भाडेपावती कोणाच्या नावाने आहे यावर ठरेल.

आमच्या वाडीत हे घडता घडता राहिले. वाचनालयाची भाडेपावती स्थापनेच्या वेळच्या चिटणिसांच्या वैयक्तिक नावाने होती. ते वारले, पावती त्यांच्याच नावाने फाडली जात राहिली, आणि पुनर्विकासाच्या पात्रता यादीत त्या गाळ्यासमोर त्यांच्या वारसांचे नाव आले. वारस सज्जन होते म्हणून त्यांनी लिहून दिले. दुसरे कोणी असते तर ९० वर्षांचा संग्रह रस्त्यावर आला असता.

उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतींच्या पुनर्विकासात, म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, अनिवासी भाडेकरूला त्याच्या ताब्यात असलेल्या क्षेत्रफळाइतकी जागा मिळते. त्यासाठी पात्रता सिद्ध करावी लागते. तेव्हा रहिवाशांनी विश्वस्तांना भेटून पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि न रागावता पण उत्तर मिळेपर्यंत विचाराव्यात. पावती, वीजजोडणी आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार संस्थेच्या नावाने आहे का? दोन्ही खोल्यांचे मोजमाप कागदावर आहे का, की पोटमाळा आणि मागचा पडवीचा भाग फक्त वहिवाटीत आहे? धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेच्या विश्वस्तांची आजची नावे नोंदलेली आहेत का? विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत फेरफार अहवाल दाखल करायचा असतो, आणि अनेक संस्थांत निम्मे नोंदणीकृत विश्वस्त हयात नसतात. मग करारावर सही कोण करणार? जागेबाबत कोणताही करार करण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. बांधकामाच्या तीन-चार वर्षांत पुस्तके कुठे राहणार आणि त्या जागेचे भाडे कोण देणार, हेही करारात असावे. आमची पुस्तके या काळात एका शाळेच्या जिन्याखाली होती.

हे सगळे वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येते. सभा विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे हे कोणाला आठवतच नाही. आमच्या सभेला वर्षानुवर्षे कार्यकारिणीचे सदस्य आणि चहावाला एवढेच हजर असत. मतदानाचा हक्क कोणत्या प्रकारच्या सभासदाला आहे ते घटनेत पाहून घ्या, कारण काही संस्थांत नुसत्या वर्गणीदाराला तो नसतो आणि आजीव सभासद व्हावे लागते.

उत्तर ६ : शनिवारची आई

बालविभागाच्या कपाटाला सुतळी बांधलेली आहे, हे वाचून थांबले. कृपया आधी ते दार दुरुस्त करून घ्या. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात आम्ही तिघी जणी शनिवारी चार ते पाच मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. सुरुवातीला पाच मुले होती, त्यांतली दोन आमचीच. गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि पुस्तक कोणत्या खणात आहे ते सांगायचे, एवढीच आमची युक्ती. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जोडाक्षरे अडतात, म्हणून मोठ्या टाइपातली, थोड्या पानांची मराठी पुस्तके जास्त लागतात. देणगी द्यायची तर अशा पुस्तकांच्या दोन-दोन प्रती द्याव्यात, कारण ती हाताळून लवकर फाटतात आणि ती फाटलेली पाहून आम्हांला तरी बरेच वाटते.

मूळ प्रश्नकर्ता : गिरणगावचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

आम्ही नऊ जण वर्गणीदार झालो आणि दोघांनी आजीव सभासदत्वाचे अर्ज दिले. बालविभागाचे दार बसवून घेतले. सुताराने बिजागऱ्यांचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही, कारण लहानपणी तोही तिथे चांदोबा वाचायला येत असे. मागणीवहीतली सात पुस्तके घेऊन दिली. रात्री आठ ते दहा अभ्यासिका उघडी ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे, मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडे आले आहेत. परत आणलेली खोकी अजून गॅलरीतच आहेत. त्यांतली पाठ्यपुस्तके आणि मासिके रद्दीत जातील, बाकीच्यांची यादी करतो आहे.

भाडेपावत्यांचा गठ्ठा चिटणिसांनी परवा कपाटातून काढला. १९८७ पर्यंतच्या पावत्या संस्थेच्या नावाने आहेत. त्यानंतर मालक बदलला आणि पुढच्या सगळ्या पावत्यांवर एका माजी अध्यक्षांचे नाव आहे. हे कसे झाले ते आजच्या कार्यकारिणीत कोणालाही सांगता येत नाही. माजी अध्यक्षांचे चिरंजीव डोंबिवलीला राहतात असे कळले. रविवारी चिटणीस आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत. गिरगावच्या सद्गृहस्थांना विनंती, की त्यांच्या वाडीतल्या वारसांनी जे लिहून दिले होते ते साध्या कागदावर होते की मुद्रांकावर, आणि मालकाला त्याची प्रत कशी दिली, एवढे शनिवारच्या आत कळवावे.